निधी नाही म्हणे!

तुझा प्रस्ताव वाचला. परत पहिल्यापासून वाचला, कारण आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा आला. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'भोकर तालुक्यातील वंचित शेतकऱ्यांसाठी शाश्वत शेती संशोधन व विस्तार'. आणि आत सातव्या पानावर काजूच्या मोहोरावरील ढेकण्याचं नियंत्रण. भोकरला काजू? कधी लावलेस रे? कोकणातल्या कुठल्या तरी संस्थेचा कागद उचललास, तर निदान पीक तरी बदलायचंस. 'काजू' खोडून 'कापूस' लिहायला काही निधी लागत नव्हता.

सोबत चिठ्ठी. 'सर, काम करायची फार इच्छा आहे, पण निधी नाही. कुठं ओळख असेल तर शब्द टाका.' टाकीन. पण कुणापुढं टाकू आणि कशासाठी टाकू, ते तुलाच ठाऊक नाही. म्हणून आधी ऐकून घे. खाली मान घालून 'हो सर, हो सर' करू नकोस. वर्गात तेच करायचास आणि मागल्या बाकावर जाऊन हसायचास.

खर्चाचं पान काढ. मंडप, बॅनर, मान्यवरांचा सत्कार, वाहनभाडं, लॅपटॉप, प्रोजेक्टर, अहवालाची रंगीत छपाई. प्रत्येकापुढं रक्कम ठरलेली, अगदी शाल-नारळाचीसुद्धा. आणि माती तपासणीपुढं काय? 'आवश्यकतेनुसार.' शाश्वत शेतीच्या संशोधनात माती आवश्यकतेनुसार आणि शाल अत्यावश्यक. सगळा प्रस्ताव लग्नपत्रिकेसारखा झालाय, प्रेषक, निमंत्रक, मान्यवर सगळे हजर, नवरा-नवरी कोण तेवढं छापायचं राहिलं. कुणाच्या रानात, कुठल्या मातीत, नेमकं काय करून बघणार आहेस, हे चाळीस पानांत कुठं आहे? मला दाखव. सापडलं तर माझा कान धर.

पैसा कमी आहे, हे खोटं नाही. तेवढं तुझ्या बाजूनं बोलतो. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात रासायनिक खतांच्या अनुदानाला १ लाख ६४ हजार कोटी रुपये होते. शेती संशोधन आणि शिक्षणाच्या खात्याला, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषद, तिच्या शंभरावर संस्था आणि देशभरची कृषी विज्ञान केंद्रं धरून, ९ हजार ९४१ कोटी. खताच्या पोत्याला सोळा रुपये आणि त्या पोत्यातलं किती टाकावं हे शोधणाऱ्याला एक. परभणीला आपल्याच कृषी विद्यापीठात कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, हे तू माझ्याइतकंच जाणतोस. २०२५ मध्ये कृषी सहाय्यकाचा 'सहायक कृषी अधिकारी' झाला. पाटी बदलली, त्याच्या गळ्यातली गावं कमी झाली नाहीत.

हे सगळं खरं. पण या खऱ्याआड तू लपतोस, माझं भांडण तिथं आहे. निधी नव्हता म्हणून काय काय अडलं, सांग ना. एकेक सांग.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यात रानंच्या रानं पाण्याखाली गेली. तुझ्या तालुक्यात काही शेतकऱ्यांनी सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरलं होतं, शेजारच्यांनी सपाट रानात. माती तीच, पाऊस तोच, बांधही एकच. निसर्गानं फुकटात प्रयोग मांडून दिला होता लेका! एक वही, एक पेन आणि चिखलात घालायला जुनी चप्पल, एवढं पुरे होतं. सरीतून पाणी किती दिवसांत निघालं, झाडं कुठं पिवळी पडली, एकरी किती पोती पदरात पडली. पन्नास रानांची नोंद ठेवली असतीस तर आज परभणीचा शास्त्रज्ञ तुझ्या दारात आला असता. तू कुठं होतास? पाहणीला आलेल्या पुढाऱ्यांच्या मागं छत्री धरून. फोटोत दिसलास मला.

उगवणशक्तीची चाचणी घे. सोयाबीनचे शंभर दाणे, ओलं गोणपाट, सहा-सात दिवस सावलीत. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी, कमी उगवले तर त्या मानानं वाढवायचं. घरचं बी चालतं की नाही, हे एवढ्यात कळतं आणि पिशवीचे पैसे वाचतात. दरवर्षी जूनमध्ये 'बी उगवलंच नाही' म्हणून बोंब होते. तू कुठल्या तांड्यावर मे महिन्यात गोणपाट ओलं करून दाखवलंस? गोणपाटाला कुठला देणगीदार शोधत होतास?

आणि निधी आला, तेव्हा काय केलंस तेही बोलू. मागं एकदा आदिवासी शेतकऱ्यांच्या नावानं थोडा पैसा तुझ्या हाती आला होता. कुणी दिला ते इथं लिहीत नाही, तू ओळखशील. वर्षभर कागद फिरला, मार्च उजाडला आणि महिनाअखेरीला तू घाईघाईनं फवारणी पंप आणि ताडपत्र्या वाटल्यास. ताडपत्रीला मी नाव ठेवत नाही, काढणीच्या पावसात सोयाबीनची गंजी झाकायला ती लागतेच. पण ताडपत्री वाटणं म्हणजे संशोधन नव्हे आणि पंप खांद्याला अडकवून फोटो काढणं म्हणजे विस्तार नव्हे. २०१७ च्या खरिपात पैनगंगेपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं विषबाधेनं मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. हे ठाऊक असताना तू पंप दिलास आणि तोंडाला बांधायचा मास्क दिला नाहीस? वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नये, एवढं सांगायला एक संध्याकाळ तिथं थांबला नाहीस? गाडी निघायची होती म्हणे.

आता पान चार. लाभार्थी निवडीचे निकष. पहिला, स्वतःच्या नावे सातबारा. दुसरा, शेतकरी ओळख क्रमांक. तिसरा, सिंचनाची सोय असल्यास प्राधान्य.

वाच. मोठ्यानं वाच. आणि मला सांग, यातून वंचित कोण उरला?

वनहक्क कायदा २००६ चा. डोंगराकडच्या वाड्यांवर ज्यांना पट्टा मिळाला त्यांचा कागद वेगळा, आणि ज्यांचे दावे अजून पडून आहेत त्यांच्याकडं कागदच नाही. ते गेले. गायरान कसणारी दलित कुटुंबं गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा, आणि कितीतरी घरं आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवतायत. बापानं कसलं, पोरगा कसतोय, उताऱ्यावर सरकार. बटईनं करणारा गेला, कारण तोंडी बटईला पुरावा नसतो. आणि बाया? खुरपायचं त्यांनी, वेचायचं त्यांनी, पुढच्या सालाचं बी राखेत घोळून मडक्यात जपायचं त्यांनी. उताऱ्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. ज्या घरातला कर्ता माणूस फास लावून गेला, त्या घरातल्या विधवेची वारसनोंद तरी लागली आहे का, हे तू कधी विचारलंस?

सरकारनं एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना ओळख क्रमांक सक्तीचा केला. ती सरकारची चाळणी. तुझ्या प्रस्तावाला ती लावायला कुणी सांगितलं? देणगीदारानं? नाही. त्यानं घातलेल्या अटी तूच जोडल्यात, मी वाचल्या. त्यात सातबाऱ्याचा शब्द नाही. चाळणी तुझी आहे. कारण सातबारा असला की फाईल नीट लागते, बँकखातं जुळतं, तपासणीला आलेला माणूस खूश होतो. ज्यांचं नाव सांगून पैसा मागायचा, त्यांनाच दारात अडवायचं. याला आपल्याकडं काय म्हणतात, ते तुला परीक्षेत विचारलं असतं तर पटकन लिहिलं असतंस.

प्रात्यक्षिकाची शेतं कुठली निवडलीस तेही बघितलं. सगळी डांबरी रस्त्याला लागून. काळी, भारी जमीन, विहिरीला पाणी. मालक कोण, तर जो कृषी संजीवनीच्या पोकरा प्रकल्पातही होता, ठिबकातही होता, शेततळ्यातही होता. त्याला काही दिलं नाही तरी तो पिकवतो. हलक्या, मुरमाड रानात चार दिवस पावसानं ताण दिला की पीक मान टाकतं, तिथं एकही प्लॉट नाही. का? गाडी ओढ्यापलीकडं जात नाही म्हणून? रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकानं १९८३ च्या पुस्तकात हेच लिहिलं, की गरिबी पाहायला निघालेली माणसं डांबरी रस्ता सोडत नाहीत. मी वर्गात शिकवलं, तू उत्तरात लिहिलंस, पैकीच्या पैकी मार्क घेतलेस. आणि आता त्याच डांबरावरून उंटावरून शेळ्या हाकतोस.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक तर मासलाच आहे. जानेवारी-फेब्रुवारी, सकाळी ११ वाजता, तांड्यावर. जानेवारीत तांड्यावर कोण असतं? दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला जातात, कुणी वीटभट्टीला, कुणी हैदराबादला बांधकामावर. पाडव्यापर्यंत निम्म्या घरांना कुलूप. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. त्यांना बसवून तू एकात्मिक कीड व्यवस्थापन शिकवणार? आणि बाकीच्या दिवसांत तरी ११ वाजता कोण रिकामं असतं? बाई सकाळी आठला खुरपायला जाते, दिवे लागायच्या वेळी येते.

मी तुमच्या एका शिवारफेरीला आलो होतो, आठवतं? लिंबाला बॅनर बांधलेला, पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यावर आम्ही. बाया पार मागं, पोरं मांडीवर घेऊन, जिथं ध्वनिक्षेपकाचा आवाज फुटत होता तिथं. तज्ज्ञ सांगत होते हेक्टरी किती ग्रॅम सक्रिय घटक. एका बाईनं उभं राहून विचारलं, 'साहेब, पंधरा लिटरच्या पंपाला टोपणानं किती?' सभेतला एकमेव कामाचा प्रश्न तो. सूत्रसंचालन तू करत होतास. म्हणालास, 'प्रश्नोत्तरं शेवटी.' शेवटी जेवण झालं. बाईला उत्तर मिळालंच नाही. तुझ्या अहवालात मात्र 'महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' आहे.

मला राग याचा येतो, की तुला हे कळतं. न कळणाऱ्यावर मी शाई वाया घालवत नाही. रावेच्या, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, वर्षी तू खेड्यात राहिलास, तेव्हाची तुझी वही माझ्या हातून गेली आहे. हातानं काढलेला गावनकाशा. कुठली विहीर जानेवारीतच आटते, कुठली मेपर्यंत टिकते. गायरान कुठं, ते कोण कसतं. कुठल्या म्हातारीकडं देशी तुरीचं बी आहे आणि ती ते का मोडत नाही. आणि समासात बारीक अक्षरात, 'या चार घरांकडे कोणीच येत नाही, ओढा ओलांडावा लागतो.' चेंबर्स तोवर तुझ्या अभ्यासात आला नव्हता. कुणी शिकवल्याशिवाय तुला ते दिसलं होतं. त्या पोराला कुठं पुरलंस? लॅपटॉपच्या कोटेशनखाली?

संशोधन म्हणजे काय, हे तुला सांगायची माझ्यावर वेळ यावी! बरं, सांगतो. संशोधनाला आधी प्रश्न लागतो. तुझ्या प्रस्तावात 'जनजागृती' बावीस वेळा आली असेल, प्रश्नचिन्ह एकदाही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि प्रश्न शोधायला तुला लांब जायचं नाही. तुझ्या जिल्ह्यात, नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे. ऐंशीच्या दशकात एनएचएच ४४ हा संकरित वाण तिथूनच निघाला. 'नांदेड ४४' म्हणून मराठवाडा-विदर्भात त्याचा डंका होता. सरकारी पैशावर निघालेलं बी, दर आवाक्यातला. मग २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी आली, खाजगी पाकिटांनी बाजार भरला, आणि याच वाणाचं बीटी बियाणं शेतकऱ्याच्या हाती पडायला कितीतरी वर्षं गेली. संशोधनाचा पैसा आखडला की काय होतं, ते पुस्तकात कशाला शोधायचं? तुझ्याच आजोबांच्या, बापाच्या आणि तुझ्या पेरणीचा खर्च एकाखाली एक मांडून बघ.

दुसरी बाजू बघ. परभणीनं देशी कापसाचे सरळ वाण काढलेत, पीए ७४०, पीए ८१० वगैरे. सरळ वाण, म्हणजे बी घरचं धरता येतं. रसशोषक किडींना दाद कमी देतात, हलक्या कोरडवाहू रानात तग धरतात. मग ते तांड्यावर का दिसत नाहीत? बी वेळेवर मिळत नाही म्हणून? जिनिंगवाला वेगळा माल वेगळ्या भावानं घेत नाही म्हणून? बोंड लहान, वेचायला मजुरी जास्त जाते म्हणून? की कुणी सांगितलंच नाही म्हणून? २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बीटीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. तरी पुढच्या मृगात पुन्हा तेच पाकीट. शेतकरी मूर्ख म्हणून? का त्याच्यापुढं दुसरं काही ठेवलंच नाही म्हणून?

हा प्रश्न आहे. मुरमाड रानात, पाण्याची सोय नसताना, देशी सरळ वाण आणि तुरीची जोड लावली, तर खर्च वजा जाता हातात काय उरतं? शेजारी त्याचं नेहमीचं बीटी, त्याच्याच पद्धतीनं. दहा गुंठे हे, दहा गुंठे ते. बारा रानं, तीन हंगाम. नोंद बी-खताची, फवारणीची, मजुरीची आणि वेचणीला बाईचे किती दिवस गेले त्याचीही, कारण तो आकडा कुणीच धरत नाही. एका हंगामात निकाल सांगणारा माणूस शेतीत खोटं बोलत असतो. म्हणून पैसा तीन वर्षांचा माग. एक वर्षाच्या निधीतून फोटो निघतात, अनुमान निघत नाही. हे एवढं एका पानावर लिही. चाळीस पानं रद्दीत घाल.

'पण सर, गरीब शेतकरी प्रयोगाला तयार होत नाहीत.' हे वाक्य तुझ्या तोंडून मी परत ऐकू नये. का होतील तयार? रान त्याचं, घाम त्याचा, बुडालं तर उपास त्याला, आणि अहवालात नाव तुझं. नाचता येईना अंगण वाकडं. १९०३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल गावात सीमन नॅप नावाच्या माणसानं पोर्टर या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घेतलं, तेव्हा आधी काय केलं? गावच्या व्यापाऱ्यांनी नुकसानभरपाईचा निधी जमवला. बुडालं तर आम्ही भरून देऊ, असा शब्द दिला. मग पोर्टर तयार झाला, आणि त्याला फायदाच झाला. अमेरिकेची सगळी विस्तारसेवा, १९१४ चा तिचा कायदा, या असल्या शेतांवरून उभी राहिली. तुझ्या चाळीस पानांत शेतकऱ्याच्या नुकसानीची एक ओळ आहे का? दहा गुंठे गुणिले बारा, तीन एकर झाले. तीन एकर कोरडवाहू कापूस पूर्ण बुडाला, तरी भरपाई तुझ्या वाहनभाड्याच्या ओळीखालीच राहील. आणि तेवढे पैसे जमवायला मुंबईला जायला नको. भोकरच्या मोंढ्यात जा. अडते, जिनवाले, कृषी सेवा केंद्रवाले याच शेतकऱ्यावर जगतात. गणपतीची वर्गणी त्यांच्याकडून तू हक्कानं घेतोस. तिथं तोंड उघडतं, इथं का मिटतं? ताकाला जाऊन भांडं लपवायची ही सवय कुठून लागली?

'एक होता कार्व्हर' तुझ्या कपाटात आहे. प्रत्येक भाषणात तू त्या पुस्तकाचं नाव घेतोस. वीणा गवाणकरांनी १९८१ मध्ये ते लिहिलं, तेव्हापासून महाराष्ट्रातला प्रत्येक संस्थाचालक कार्व्हरवर टाळ्या घेतोय. टाळ्या घेऊन झाल्या असतील तर एक गोष्ट बघ. अमेरिकेत कार्व्हर ज्या टस्कीगीच्या संस्थेत होता, तिथले काळे शेतकरी त्या संस्थेत येऊ शकत नव्हते. कर्जात पिचलेले, वाट्यानं कसणारे, सातबारा नसलेलेच म्हण ना! मग १९०६ मध्ये संस्थाच खेचरांच्या गाडीवर चढून त्यांच्या दारात गेली. गाडीत नांगर होता, बी होतं, लोणी काढायचं यंत्र होतं. पैसा दिला न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसपनं, म्हणून तिला जेसप वॅगन म्हणत. पैसेवाला सापडलाच ना? पण गाडीत काय ठेवायचं आणि ती कुणाच्या अंगणात थांबवायची, हे आधी ठरलं होतं. तुझ्या वाहनभाड्यातून काय जाणार आहे? बॅनर आणि पाहुणे.

इतक्या लांबही नको. नांदेड म्हटलं की तुला आपला जिल्हा आठवतो. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातही एक नांदेड आहे. तिथले दादाजी खोब्रागडे. दलित, जेमतेम जमीन, शिक्षण नावापुरतं. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या भातात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ झाला, तोच तू बाजारातून आणून खातोस. कुठल्या प्रकल्पाची मंजुरी होती त्यांच्याकडं? पैसा दुसऱ्यांनी केला, दादाजी २०१८ मध्ये गेले ते आजारपणात पैशांची ओढाताण सोसूनच. ही गोष्ट मी तुला 'बघ, निधीशिवायही होतं' असं म्हणायला सांगत नाही. तसा अर्थ काढणारे फार आहेत, त्यांना तेवढंच हवं असतं. मी सांगतोय ते असं, की जिथं तू 'जनजागृती' करायला निघालास, तिथं आधीच कुणीतरी लोंबी बाजूला काढून ठेवलेली असेल. पैसा तिच्यापर्यंत न्यायचा आहे. ती शोधायला तू गेलास का?

आता पैसा कुठं आहे ते. थोडक्यात सांगतो, कारण ही माहिती तुझ्या मोबाइलवर माझ्याआधी आलेली असते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून १५ जिल्ह्यांत आला, नांदेड त्यात होतं, सुमारे ४ हजार कोटींचा. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांचा, ६ हजार कोटींचा. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला केंद्रानं २५ नोव्हेंबर २०२४ ला २ हजार ४८१ कोटी मंजूर केले. नाबार्डचा अधिकारी नांदेडलाच बसतो. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा दोन टक्क्यांचा पैसा पुण्या-मुंबईभोवती घुटमळतो, तो आपोआप भोकरच्या गाडीत बसणार नाही, त्याला हाताला धरून आणावं लागेल. आणि जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, सगरोळीला आणि पोखर्णीला. तिथं शास्त्रीय सल्लागार समितीची बैठक होते. कुठल्या प्रक्षेत्र चाचण्या घ्यायच्या, ते तिथं ठरतं. भोकरच्या तांड्याचा एक तरी प्रश्न त्या टेबलावर कुणी ठेवला? जिल्हा नियोजनात आदिवासी उपयोजनेचा, अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कशावर जातो, हे ग्रामसभेत उभं राहून विचारलंस? विचारलं असतंस तर पंप आणि ताडपत्री सोडून दुसरं काही मागता आलं असतं. मागणारा गप्प, म्हणून देणारा सुखी.

मंजुरी उशिरा येते, हे रडगाणं मला ठाऊक आहे. पेरणी मृगात आणि आदेश माघात. मग बैल गेल्यावर झोपा करत बसू नकोस. आदल्या वर्षीच्या दिवाळीत कागद दे. शेतकरी तोवर निवडून ठेव, मातीचे नमुने उन्हाळ्यात काढून ठेव, व्ही आकाराचा खड्डा तुला माझ्यापेक्षा सरळ काढता येतो. पैसा आला की फक्त पेरायचं राहिलं पाहिजे.

आणि हो, अपयशाची जागा ठेव. अहवालात 'देशी वाण सात रानांत तोट्यात गेला' असं लिहायची हिंमत असेल तरच या कामाला हात घाल. तू आजवर लिहिलेल्या एकाही अहवालात काही फसलेलं नाही. मराठवाड्यात, कोरडवाहू रानात, एकदाही काही फसलं नाही? देव आहेस का तू?

बारा नावं काढ. त्यात निम्म्या तरी बाया हव्यात, आणि त्यांच्या नावापुढं नवऱ्याचं नाव नको, त्यांच्या रानाचं नाव हवं. निदान चौघं असे हवेत ज्यांच्याकडं उतारा नाही. प्रत्येकाचा गेल्या सालचा खर्च त्यांच्या तोंडून ऐकून लिही, अंदाजानं भरू नकोस, मला खोटे आकडे वासावरून कळतात. संध्याकाळी जा, जेवणं झाल्यावर. ओढा पायी ओलांड. पंधरा लिटरच्या पंपाला टोपणानं किती, याचं उत्तर त्या बाईला आधी देऊन ये, मग तिला रान मागायचं.

१८ मेला परभणीला खरीप मेळावा आहे. बियाण्याची रांग पहाटेपासून लागते. देशी कापसाचं बी कुठल्या काउंटरला मिळेल ते आधी फोन करून विचारून ठेव, ऐनवेळी धावाधाव नको. मी तिथं असणार आहे. तांड्यावरची दोन माणसं सोबत घेऊन आलास तर शास्त्रज्ञांपुढं मी स्वतः उभं करतो तुम्हाला. एकटाच आलास, गळ्यात ते ओळखपत्र अडकवून, तर रांगेत तुझ्या पुढं उभा राहीन आणि ओळखही दाखवणार नाही.